न्हाणीकडची पडवी

कोकणातल्या जुन्या घरात उजेडाची वाटणी फार असमान झालेली आहे. ओटी तीन बाजूंनी मोकळी, पुढे सारवलेलं अंगण. तिथे सकाळी सातला पेपर वाचता येतो. माजघराला एक खिडकी, तीही पडवीत उघडणारी. कोठीच्या खोलीला खिडकी नाहीच. आणि धुणं, भांडी, निवडण-टिपण, बेगमीची उस्तवार जिथे चालते ती मागची नाहीतर कडेची पडवी दुपारी बारालासुद्धा इतकी अंधारी, की तांदळातला खडा डोळ्यांनी दिसण्याआधी बोटांना लागतो. जो बसतो त्याला उजेड आणि जी राबते तिला अंधार, असा हा हिशेब पिढ्यान् पिढ्या चालत आला.

आमचं घर दापोली तालुक्यातलं, समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तोंड पूर्वेला. स्वयंपाकघराला लागून उत्तरेला एक लांबट पडवी आहे, तिच्या टोकाला न्हाणी, म्हणून ती न्हाणीकडची पडवी. धुणं तिथे, वाणसामान तिथे, नारळांचा ढीग, लोणच्याच्या बरण्या, कांद्याच्या वेण्या, गॅसचा जादा सिलिंडर, सगळं तिथेच. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई सूप घेऊन तिथल्या उंबऱ्याशी बसायच्या आणि दिवस वर येईल तशा हात-हात सरकायच्या. आधी मला वाटायचं ऊन चुकवतायत. त्या उजेडाच्या मागे जात होत्या.

या अंधाराला कारणं आहेत आणि ती खरी आहेत, हे आधी मान्य करायला हवं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो सरळ पडत नाही, वाऱ्याबरोबर तिरका येऊन भिंतीवर आपटतो. जांभ्याची भिंत पाणी पिते. म्हणून पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात असं छप्पर खाली ओढलेलं, खिडक्या लहान, पडवी बुटकी. शिवाय साठवणीच्या मालाला अंधार लागतोच. हळद उजेडात ठेवली की फिकी होते, तिखटाचा रंग उतरतो, तेलाला खवट वास लवकर येतो. लोणचं चिनीमातीच्या बरणीत घालायची पद्धत काही उगाच पडलेली नाही. घर बांधणाऱ्यांना मालाची काळजी होती. त्या मालाशी रोज चार-सहा तास ज्यांचा संबंध यायचा, त्यांना काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे मात्र कुणी विचारलं नाही.

नाही म्हणायला एक काचेचं कौल होतं. मंगलोरी कौलांच्या घरात वाढलेल्या माणसाला ते वेगळं सांगायला नको. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ही कौलं पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे पसरली. आमच्याकडे गवती आणि नळ्याच्या छपरांची जागा त्यांनी घेतली. तेवढ्याच मापाचं, साधारण १६ इंच लांब आणि नऊ-साडेनऊ इंच रुंद असं काचेचं कौल मधे बसवता येतं. न वासा तोडायचा, न रीप हलवायची. आमच्या पडवीत तसं एक होतं. त्यातून येणारा उजेडाचा तुकडा मे महिन्यात जमिनीवरून फिरायचा आणि त्यावरून जेवणाची वेळ कळायची. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या अक्षांशावर सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो; त्या दिवसांत तो तुकडा बरोबर कौलाच्या खाली उभा असायचा.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. ज्यांनी ते पाहिलं त्यांना वर्णनाची गरज नाही आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना कितीही सांगितलं तरी ते अपुरंच. दापोली, मंडणगड, श्रीवर्धन, मुरुड, कितीतरी घरांची छपरं उघडी पडली. सुपाऱ्या आणि माड मुळासकट आडवे झाले. आमची पडवी अर्ध्याहून जास्त उघडी झाली, आणि मागच्या अंगणातला फणस पडला तो नेमका तिच्या कोपऱ्यावर. पाऊस तोंडावर आलेला, कौलं कुठे मिळेनात, मिळाली तर बसवायला माणूस मिळेना. वीज तर कितीतरी दिवस नव्हती. जे हाताशी आलं ते घातलं, म्हणजे निळे रंगीत पत्रे. त्या वर्षी या पट्ट्यात जो तो तेच करत होता. डोक्यावर छप्पर झालं याचंच समाधान मोठं होतं.

पत्र्याने उजेड पूर्ण बंद केला. त्याच्या आगेमागेच माकडांचा त्रास वाढला. कौलं उचलून फेकणं, डबे पळवणं, बरण्या पाडणं यांना सीमा राहिली नाही, तेव्हा पडवीची मोकळी बाजूही अर्ध्या भिंतीवर जाळी आणि जाळीवर पत्रा ठोकून बंद झाली. आत धुण्याचं मशीन आलं. अशी ती पडवी एक लांब, निळसर, कोंदट बोळ झाली. आजूबाजूच्या घरांतून गेलात तर आज हेच दिसेल. पुढे अंगणात पेव्हर ब्लॉक, ओटीला ग्रॅनाइट, फाटकाला दिवे; मागे मात्र भिंतीला एक नऊ वॅटचा बल्ब, जळमटांत लटकलेला. घरात रंगाला किंवा दुरुस्तीला पैसे निघतात तेव्हा पहिला हात पुढच्या बाजूला जातो. माझं म्हणणं एवढंच आहे की तो पहिला हात मागे जावा.

उजेडाआधी ओलीचं सांगते, कारण आमच्या पडवीचं खरं दुखणं ते होतं. धुणं आणि वाणसामान एका खोलीत ठेवणं कोरड्या मुलखात चालत असेल, इथे ते एकमेकांचे वैरी आहेत. सहा किलोच्या मशीनमधून कपडे पिळून बाहेर आले तरी त्यांत तीन लिटरच्या आसपास पाणी असतं. ते कपडे बंद पडवीत दोरीवर घातले की ते पाणी जाणार कुठे? हवेत, हवेतून तांदळात, डाळीत, आमसुलांत, पापडाच्या डब्यात. जुलैमध्ये बाहेरचीच हवा इतकी भिजलेली असते की तिला आणखी पाणी नको असतं.

सासूबाईंकडे याचं एक मोजमाप आहे. जाड्या मिठाची बरणी. त्या झाकण उघडतात, चमचा आत घालतात आणि बाहेर काढून उलटा करतात. मीठ भुरभुरलं तर ठीक. चमच्याला चिकटून राहिलं तर डाळी उन्हं दाखवायला काढायच्या, ऊन नसेल तर कढईत गरम करून घ्यायच्या. बरणीच्या तळाशी पाणी दिसलं तर पापड-कुरडयांचे डबे चुलीजवळ हलवायचे. मी नंतर वाचलं की हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की मीठ हवेतलं पाणी ओढायला लागतं, आणि धान्या-कपड्यांवर बुरशी धरायलाही हवेत साधारण तेवढीच ओल लागते. म्हणजे बरणी अगदी बरोबर सांगत होती. त्या बरणीला मी पडवीच्या कामात पहिल्यापासून धरून चालले. कोणताही बदल केला की आठवडाभराने मीठ बघायचं.

म्हणून पहिलं काम ठरलं ते पडवीचे दोन भाग करण्याचं. न्हाणीकडचा भाग धुण्याला, स्वयंपाकघराकडचा कोठाराला. मधे चिऱ्याची भिंत. गवंड्याने विचारलं, "वैनी, छपरापर्यंत नेऊ की डोक्यापर्यंत?" डोक्यापर्यंत नेली तर उजेड इकडून तिकडे जातो पण ओलही जाते, छपरापर्यंत नेली तर ओल थांबते आणि उजेडही. आम्ही भिंत सात फुटांवर थांबवली आणि वर छपरापर्यंत जाड काच पक्की बसवली, न उघडणारी. उजेड दोन्हीकडे, हवा आपापली. हा एक निर्णय मनासारखा जमला आणि पुढचं सगळं त्याच्या आधाराने सोपं झालं.

धुण्याच्या बाजूच्या दोन्ही भिंतींवरचे ठोकलेले पत्रे काढून तिथे लाकडी गजांच्या आडव्या खिडक्या केल्या, तिरक्या पट्ट्यांच्या, बाहेरून बारीक जाळी. पश्चिमेचा वारा एका बाजूने येतो आणि उत्तरेने निघून जातो. कपडे वाळायला इथे ऊन मिळत नाहीच, वाहती हवा आणि थोडी ऊब मिळाली की पुष्कळ. ऊब न्हाणीच्या चुलीची. आमच्याकडे अजून अंघोळीचं पाणी चुलीवर, भाण्यात तापतं. सोडणं, चुडतं, नारळाच्या पिड्या काय असेल ते जळतं. त्या चुलीमागची भिंत संध्याकाळपर्यंत कोमट असते. तिच्या अंगाने वर बांबूची वलणी टांगली, दोरीने खालीवर होणारी. पूर्वी सोवळ्याची धोतरं-लुगडी उंच वलणीवर काठीने घालत, तीच जागा, फक्त आता कप्पीमुळे खांदे दुखत नाहीत. मशीनखाली चिऱ्याचा सहा इंची ओटा केला, कारण खारी हवा आणि ओली जमीन दोन्ही मिळून त्याचा पत्रा खालून खातात. सांडपाण्याची नळी केळींकडे काढली. त्या बाजूबद्दल इतकंच.

आता उजेड.

आधी एक गोष्ट समजून घेतली, त्याने डोळे उघडले. भर पावसातल्या काळ्या दुपारीसुद्धा बाहेर पाच-दहा हजार लक्स उजेड असतो; लक्स हे उजेडाचं माप. निवडणं, टिपणं, डाग बघणं यांसाठी तीनशेएक लक्स पुरतात. म्हणजे बाहेर जेवढा आहे त्याचा अगदी लहानसा हिस्सा आत आला तरी भागतं. दुसरं म्हणजे ढगांनी भरलेलं आकाश सगळीकडे सारखं उजळ नसतं. डोक्यावरचा भाग क्षितिजाजवळच्या भागापेक्षा जवळजवळ तिप्पट उजळ असतो. आमच्या खिडक्यांना क्षितिजसुद्धा दिसत नाही, खाली ओढलेलं छप्पर आणि समोरच्या सुपाऱ्या दिसतात. एवढ्याशा काचेच्या कौलातून इतका उजेड कसा यायचा याचं उत्तर इथे मिळालं. ते आकाशाच्या सगळ्यात उजळ भागाकडे बघत होतं.

पुन्हा कौलं घालायची माझी फार इच्छा होती. पण माकडांपुढे इलाज नाही. शेजारच्या वाडीत दर पावसाआधी फुटकी कौलं बदलण्यात किती खर्च जातो ते आम्ही बघत होतो. म्हणून पत्रे ठेवले आणि दोन्ही भागांत एकेक पारदर्शक पत्रा बसवायचं ठरलं. बाजारात दोन प्रकार मिळतात. फायबरचा स्वस्त, पण काही वर्षांत पिवळा पडतो आणि वरून धागे सुटायला लागतात. पॉलिकार्बोनेटचा महाग, पण एका बाजूने अतिनील किरणांना अडवणारा थर असतो, तो आकाशाकडे ठेवला तर बराच टिकतो. कोणती बाजू वर ते पत्र्यावर छापलेलं असतं, आणि बसवणाऱ्याने ते वाचलं की नाही हे खाली उभं राहून आपण बघावं. हा पत्रा उन्हात फुगतो, म्हणून स्क्रूची भोकं स्क्रूपेक्षा थोडी मोठी पाडावी लागतात आणि खाली रबरी वॉशर घालावा लागतो, नाहीतर पहिल्या उन्हाळ्यातच भोकापासून तडा जातो.

पूर्ण लांबीचा पत्रा घातला असता तर वैशाखात आत भट्टी झाली असती. म्हणून वरचा अर्धाच भाग पारदर्शक ठेवला, घराच्या उंच भिंतीला लागून, आणि तो खालच्या साध्या पत्र्यावर चढवून घेतला. जागा मुद्दाम भिंतीजवळची निवडली. उजेड सरळ डोक्यावर पडण्यापेक्षा आधी भिंतीवर पडावा, भिंतीवरून खोलीभर पसरावा. पडवी उत्तरेची असल्याने दिवाळीपासून शिमग्यापर्यंत घराची भिंतच ऊन अडवते आणि येतो तो शांत उजेड. ऊन आत शिरतं ते चैत्र-वैशाखात. त्याला उपाय घरातलाच आहे. माडाच्या झावळ्या विणून केलेला झाप त्या तुकड्यावर टाकायचा, वर दोन बांबू बांधायचे आणि पाऊस तोंडावर आला की काढून टाकायचा. कडक ऊन असतं तेव्हा सावली, आणि ढग असतात तेव्हा सगळा उजेड आत.

उजेड भिंतीवर पाडायचा तर भिंत उजेड परत देणारी हवी. आमची भिंत उघड्या जांभ्याची, वर धुराचा थर, वासे काळे. अशी भिंत आलेला बहुतेक उजेड गिळून टाकते. दुकानदार प्लॅस्टिक पेंट सुचवत होता. जांभ्यावर तो टिकत नाही. आतली ओल बाहेर यायला बघते, रंग तिला अडवतो, आणि पहिल्याच श्रावणात भिंतीला पोपडे धरतात. आम्ही चुना लावला. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते, क्षाराचा दाह असल्यामुळे बुरशीला तिथे घर करता येत नाही, आणि चुन्याचा ताजा पांढरा हात असला की पडलेल्या उजेडातला पाऊण हिस्सा तरी परत मिळतो.

चुनकळी विझवणं माझ्या मुलीने पहिल्यांदाच पाहिलं. पत्र्याच्या पिंपात खडे टाकले, वर पाणी ओतलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग एक खडा तडकला, दुसरा तडकला, आणि पिंप गदगदा उकळायला लागलं, जाळाशिवाय. वाफेला ओल्या दगडाचा वास. ती पुढे वाकली तशी सासूबाईंनी तिला दंडाला धरून मागे ओढलं, "डोळ्यांत उडलं तर डोळा जातो गो, लांबूनच बघ." खरंच आहे ते; लावणाऱ्यालाही चष्मा आणि हातमोजे दिले. पूर्वी इथे शिंपले भाजून चुना करत, सासूबाईंच्या माहेरी त्याची भट्टी होती. आमचा आपला दुकानातला दगडी चुना. दोन दिवस मुरवला, गाळला, चिमूटभर नीळ घातली. भिंत आधी पाण्याने भिजवून घेतली. पहिला हात मारला तेव्हा माझं मन खट्टू झालं, कारण ओला चुना राखाडी, पातळ, पाणी फिरवल्यासारखा दिसतो आणि खालचा जांभा तसाच लाल. सकाळी दार उघडलं तर भिंत पांढरी झालेली. दुसऱ्या हाताने लाल पुसला गेला, तिसऱ्याने वाशांच्या सांदी उजळल्या. वासे मात्र रंगवले नाहीत, तेल लावून तसेच ठेवले. फेब्रुवारीत लावला म्हणून नीट वाळला. चुना हवेतून हळूहळू घट्ट होतो, त्याला पावसाआधी पुरेसे कोरडे दिवस मिळावे लागतात.

मांडणीसाठी लाकूड घरातच होतं. वादळात पडलेला तो फणस मिलमधून चिरून आणला होता आणि फळ्या माळ्यावर आडव्या, मधे पट्ट्या घालून, सुकत ठेवल्या होत्या. फणसाला वाळवी सहसा लागत नाही, आणि नव्या फळीचा रंग असा पिवळा असतो की तिच्यामुळेच कोपरा उजळतो. पुढे तो तपकिरी होत जाईल.

सुताराशी माझा एकच वाद झाला, फळ्यांच्या खोलीवरून. त्याला दीड फुटी फळ्या करायच्या होत्या, सगळीकडे तशाच करतात म्हणून. खोल फळी म्हणजे मागच्या रांगेत विस्मरण. मागे गेलेला मुगाचा डबा पोरकिडे उडायला लागले की सापडतो. मी बरण्या जमिनीवर रांगेत मांडून दाखवल्या. मोठी बरणी नऊ इंचांची, डबे त्याहून लहान. फळ्या दहा इंचीच झाल्या, एका मागे एक काही राहणारच नाही अशा. दोन फळ्यांमधलं अंतरही सारखं ठेवलं नाही. खाली बरण्यांचं, वर पिठाच्या डब्यांचं, त्याच्या वर मसाल्यांचं, ज्याच्या त्याच्या उंचीप्रमाणे वर चार बोटं जागा. मांडणी भिंतीपासून दोन इंच पुढे, मागून हवा खेळावी म्हणून. खिळे-स्क्रू सगळे स्टेनलेसचे. साधा खिळा आमच्या हवेत एका पावसाळ्यात फळीवर तांबडा ओघळ सोडतो.

सगळ्यात खालचे दोन कप्पे कडप्प्याचे केले, जमिनीपासून आठ इंच वर. वजनाला पक्का, ओलीला आणि वाळवीला दाद न देणारा. पण कडप्पा हा चुनखडीचाच प्रकार, त्यामुळे आंबट त्याला सोसत नाही. आगुळाची, म्हणजे कोकमाच्या आंबट रसाची, बाटली पाझरली की त्यावर पांढरट कायमचा डाग उठतो. म्हणून आगुळ, कैरीचं लोणचं आणि सिरका लाकडाच्या फळीवर, खाली चिनी बशी घालून.

आणि अंधार. तो सगळा घालवून चालणार नव्हतं. मांडणीच्या मधल्या भागाला दारं लावून फडताळ केलं. तेलं, हळद, तिखट, मसाले, लोणची सगळी दाराआड. दाराला वर-खाली बोटभर फटी, आतून बारीक जाळी. काम करायला उजेड आणि मालाला काळोख, दोन्ही एका भिंतीवर, फक्त दाराने वेगळे. उघडी फळी रोजच्या डब्यांना. कांद्याच्या वेण्या वाशाला, वाऱ्याच्या वाटेवर. सुकटीचा घट्ट झाकणाचा डबा धुण्याच्या बाजूलाही नाही आणि इथेही नाही, तो बाहेरच्या पडवीत; हर्णै बंदरावरून आणलेली सुकट कितीही चांगली असली तरी रव्याला तिचा वास लागलेला आमच्याकडे कुणाला आवडत नाही.

जमिनीवरची जागा वाचवायला मात्र नवीन काही शोधावं लागलं नाही. उतरंड पुन्हा उभी केली. खाली मोठा हंडा, वर त्याहून लहान, असं करत वर छोटं मडकं. एका भांड्याच्या जागेत पाच-सहा भांडी छताकडे चढतात. कमी लागणारं खाली, रोजचं वर. माळ्याखाली दोन शिंकाळी टांगली. भिंतीत जुने तीन कोनाडे होते, धुराने इतके काळे की ते कोनाडे आहेत हेही कळत नव्हतं. चुना बसल्यावर दिसले.

रात्रीचा दिवा शेवटी. जुना बल्ब पाठीमागे, दरवाज्यावर होता. मांडणीसमोर उभं राहिलं की आपलीच सावली डब्यांवर पडायची. खोलीच्या मधोमध लावला तरी तेच. आता एलईडीची पट्टी मांडणीच्या समोरच्या कडेला, वरच्या फळीच्या खाली लावली आहे, म्हणजे उजेड आपल्या आणि डब्यांच्या मधे पडतो. तिची वीज इन्व्हर्टरवर घेतली, कारण पहिल्या पावसाबरोबर लाईट जाते हे इथे गृहीतच धरायचं. कोठारात पांढरा उजेड. मिरचीवरची बुरशी, डाळीतला टोका पांढऱ्यातच दिसतो. दाराशी मात्र पिवळा, कारण पहिल्या पावसाच्या संध्याकाळी वाळवीचे पंखवाले किडे पांढऱ्या दिव्यावर तुटून पडतात, पिवळ्याकडे कमी येतात. धुण्याच्या बाजूला धूळ आणि पाण्याचे फवारे आत न घेणारी, आयपी ६५ दर्जाची बंद पट्टी. आणि त्या बाजूच्या सगळ्या वायरिंगला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच. ओले हात, मशीन आणि जांभ्याची ओली भिंत एकत्र येतात तिथे हा खर्च टाळायचा नसतो. बाकी सगळं जमेल तसं करा, हे आधी करा.

यंदाची आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, या पडवीत पहिल्यांदा भरली. उकडे तांदूळ, कुळीथ, वाल, आमसुलं, सांडगी मिरच्या, फणसाची साटं, आंबापोळी. दरवर्षी हे काम अंगणात चालायचं, कारण आत दिसायचं नाही, आणि वळवाची सर आली की सगळं उचलून पळायचं. या वेळी सासूबाई मांडणीसमोर पाटावर बसल्या, डाळी निवडल्या, एरंडेल चोळलं, डबे माझ्या हातात देत गेल्या. त्या एका जागी बसून होत्या, सकाळपासून जेवणापर्यंत. मधे एकदा त्यांनी तिखटाचा डबा उचलून उजेडात धरला आणि म्हणाल्या, "हे गेल्या वर्षीचं आहे, रंग बघ." आणि तो बाजूला काढला.

जुलैच्या मध्यावर मिठात चमचा घातला. चमचा उलटा केल्यावर मीठ थोडं चिकटून राहिलं, पण तळाशी पाणी नव्हतं. गेल्या वर्षी याच सुमाराला बरणी अर्धी ओली होती. ओल पूर्ण जाणार नाही, समुद्र एवढ्या जवळ असताना ती जाईल अशी अपेक्षाही कुणी करू नये. डाळी अजून उन्हं दाखवायला काढाव्याच लागतात. जाड चादरी आणि जीन्स आषाढात अजूनही तीन दिवस घेतात, त्यासाठी न्हाणीच्या चुलीमागच्या भिंतीवर आणखी एक वलणी हवी आहे.

न्हाणी स्वतः अजून तशीच आहे, काळी आणि एका झरोक्याची. तिचं छप्पर अजून कौलारू आहे. माकडं तिकडे जात नाहीत, चुलीच्या धुरामुळे असावं. तिथे काचेची दोन कौलं बसवायची आहेत. जुन्या घरांची कौलं विकणाऱ्याकडे दापोलीत विचारून ठेवलंय, मिळाली की गवंडी दिवाळीनंतर यायला तयार आहे. चुना तेव्हाच.